निवेदन चालू आहे

१

निवृत्त माणसाला दुपार खायला उठते. ताईचे बाबा रेडिओवर बातम्या वाचायचे, सगळी हयात त्यातच गेली. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष त्यांनी कपाटं आवरण्यात घालवलं, दुसरं आईच्या स्वयंपाकात खोडी काढण्यात, आणि मग ते हळूहळू गप्पच झाले. आई म्हणायची, आधी वाटलं सुटले एकदाची. आता वाटतं, नावं ठेवा हवी तेवढी, पण बोला.

म्हणून धाकट्याने, ताईच्या भावाने, जेव्हा त्यांना आपल्या अल्बमसाठी निवेदन करायला सांगितलं, तेव्हा घरात सगळ्यांनाच बरं वाटलं. बाबांनी आढेवेढे घेतले, तुमचं ते ढणढण संगीत मला कळत नाही म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले.

त्याचा रॉक बँड म्हणजे तिघंच. धाकटा गाणी लिहायचा, गायचा आणि गिटार वाजवायचा. ड्रमवर होता त्याचा शाळेपासूनचा मित्र, अंगाने काडीपैलवान म्हणून सगळे त्याला पैलवानच म्हणत. ताई बेस गिटार वाजवायची आणि ध्वनिमुद्रणही तीच सांभाळायची. सकाळी ती कानाच्या डॉक्टरांकडे लोकांना श्रवणयंत्रं बसवून द्यायची, त्यामुळे आवाज म्हणजे काय हे तिला दोन्ही बाजूंनी ठाऊक होतं. जागा होती एका लाँड्रीच्या मागे. एका खोलीत वाद्यं आणि यंत्रं. तिच्या पलीकडे काचेआड, पूर्वी साबणाची पोती ठेवायचे ती अरुंद खोली. तिच्या भिंतींना जुन्या गोधड्या ठोकून त्यांनी ती निवेदनासाठी तयार केली होती. तिला ते ‘पेटी’ म्हणत. बाबांनी पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा ते हार्मोनियम शोधत राहिले, आणि त्यावर पैलवान पुढचे कितीतरी दिवस हसत होता.

अल्बम एका सलग गोष्टीचा होता. एक माणूस भरदुपारी घरी येतो. घर माणसांच्या आवाजांनी भरलेलं असतं. पण तो ज्या खोलीत जाईल तिथून माणसं नुकतीच उठून गेलेली. खुर्ची अजून डुलतेय, नळ अर्धवट सोडलेला, उशीवर डोक्याचा खळगा. एकेक खोली म्हणजे एकेक गाणं, आणि दोन गाण्यांच्या मधे श्रोत्याचं बोट धरून पुढच्या दारापर्यंत नेणारा निवेदक. शेवटची खोली बंद असते. तिच्यात काय आहे हे धाकट्याला सुचत नव्हतं, आणि त्यापायी तो झुरणीला लागला होता. आधीचे दोन अल्बम कुणी ऐकले नव्हते. पैलवानाची बदली ठरलेली होती. हा शेवटचाच डाव आहे हे तिघांनाही माहीत होतं, बोलत मात्र कुणी नव्हतं.

बाबा पेटीत शिरायचे, कोमट पाण्याचे घोट घ्यायचे, टेबलावरचा दिवा लावायचे, डावा हात कानावर ठेवून वाचायला लागायचे. काचेपलीकडून त्यांची पाठ आणि पिकलेले केस दिसायचे. दिवसाकाठी एखादंच पान व्हायचं. पण घरी जाताना ते शीळ घालायचे.

२

स्वयंपाकघराचा भाग मुद्रित झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई एकटीच तो साफ करत बसली होती. बोलणाऱ्याच्या ओठांची चुटचुट, कागदाची सळसळ, श्वास, हे सगळं तिला हाताने कमी करावं लागे. पुढे लाँड्रीत इस्त्र्यांची फुसफुस चालली होती. हेडफोनमध्ये बाबा म्हणाले, “शेगडी गार होती, पण भांड्यातून वाफ येत होती.” इथे तो परिच्छेद संपत होता.

पण तो संपला नाही. त्याच आवाजात, त्याच संथ लयीत पुढे ऐकू आलं, “त्याने झाकण उचललं नाही, हे बरं केलं.”

ताईला हसू आलं. म्हाताऱ्याला रंग चढला म्हणायचा. वाक्य झकास होतं. रात्री जेवताना तिने बाबांची पाठ थोपटली, तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला.

कागदाबाहेरचा शब्द आपण जन्मात वाचलेला नाही, असं ते म्हणाले. एकदा बातमीपत्राचं मधलंच पान गहाळ झालं होतं, तेव्हा ते माइकसमोर मुकाट बसून राहिले होते. वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण मनचं एक अक्षर जोडलं नाही. आई म्हणाली, वय झालं की होतं असं, माणूस बोलतो आणि विसरतो. बाबा उठून गेले. ते दुखावले होते.

ताईने दुसऱ्या दिवशी तो तुकडा पुन्हा लावला. बाबांचा श्वास तिला चांगला ओळखीचा झाला होता. प्रत्येक वाक्याआधी नाकातून घेतलेला, छोटा, जरा शिट्टीसारखा. त्या जास्तीच्या वाक्याआधी श्वास नव्हता. तिने आवाज वाढवला, डोळे मिटले. श्वास होता, पण भलत्याच ठिकाणी. ‘झाकण उचललं नाही’ हे शब्द चालू असताना, त्यांच्याखाली, बाबा पुढच्या परिच्छेदासाठी श्वास घेत होते.

माणसाला एकाच वेळी श्वास आत घेता येत नाही आणि बोलताही येत नाही. हे सांगायला काही कानाचा डॉक्टर लागत नाही.

तिने हेडफोन काढून ठेवले आणि उगाचच लाँड्रीत जाऊन उभी राहिली. लाँड्रीवाले काका चादर घडी करत होते. त्यांनी दुसरं टोक तिच्या हातात दिलं, तेव्हा तिला जरा बरं वाटलं. दोन आवाज एकमेकांवर चढले असतील, तिने स्वतःला समजावलं. जुना तुकडा खाली राहिला असेल. यंत्र आहे, चुकतं.

३

धाकटा मात्र ते वाक्य ऐकून जागचा उठलाच. त्याने ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. झाकणाखाली काय होतं ते न सांगता नुसतं हे सांगायचं, हेच त्याला इतके महिने जमत नव्हतं. कुठून आलं त्याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. ताईने श्वासाचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ताई, तू आवाज धुतेस, मी गोष्ट सांगतो; ज्याने त्याने आपलं काम करावं.

वाक्यं येत गेली. जिन्याच्या भागात एक आलं, न्हाणीघराच्या भागात तर तीन. बाबा पान वाचून बाहेर यायचे, धाकटा त्यांना घाईघाईने घरी पाठवायचा आणि लगेच ऐकायला बसायचा. मिळालेल्या वाक्यांवरून तो गाणी बदलू लागला. आणि खोटं कशाला बोला, गाणी सुधारत होती. आधी नुसती चांगली होती, आता ऐकताना हाताला घाम फुटायचा. पैलवानाने एकदा गंमत केली की, या नवीन लेखकाचं नावही अल्बमवर घालायला हवं. कुणी हसलं नाही. त्यानंतर त्याने आपले ड्रम पेटीच्या काचेपासून दूर, दाराजवळ सरकवून घेतले. कारण विचारल्यावर म्हणाला, तिकडे वारा लागतो.

बाबांचा आवाज बसायला लागला. आधी नुसती खरखर होती. मग शब्दांची टोकं गळू लागली. ‘दार’ म्हणताना ‘दा’ ऐकू यायचं आणि पुढे हवा. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. सगळं स्वच्छ आहे म्हणाले, या वयाला इतका चांगला घसा आम्ही पाहिला नाही, थोडी विश्रांती द्या. ताईने कामाच्या ठिकाणी स्वतःचे कान तपासून घेतले. तेही उत्तम निघाले. आपले कान बिघडलेले असावेत अशी इच्छा करणारी त्या तपासणीच्या खुर्चीत बसलेली ती पहिलीच असेल.

तिला जे लक्षात आलं होतं ते ती कुणालाही सांगू शकत नव्हती. बाबांची वाचलेली वाक्यं जितकी बसकी होत होती, तितकी ती जास्तीची वाक्यं खणखणीत होत चालली होती. बाबांचा तरुणपणचा आवाज होता तो, सकाळच्या बातम्यांचा. लहानपणी ती ज्याने जागी व्हायची तो.

थांबवावं असं तिला रोज वाटायचं. पण बाबा रोज दुपारी शर्टाला इस्त्री करून तयार असायचे. घसा गुंडाळलेला, आणि डोळ्यांत चमक. तिची जीभ उचलत नसे.

४

शेवटी बाबांना अंथरुणातून उठवेना, तेव्हा आईनेच त्यांचं जाणं बंद केलं. शेवटच्या खोलीचं निवेदन तेवढं राहिलं.

त्या दुपारी ताई एकटी होती. मनाची खात्री करावी म्हणून तिने रिकाम्या पेटीतला माइक चालू केला आणि बराच वेळ नुसती शांतता मुद्रित केली. मग ती ऐकली. लाँड्रीची घरघर, कुठेतरी पाइपातलं पाणी, बाकी काही नाही. तिने सुस्कारा सोडला. बरं वाटून तिने बाबांचा जुना, पहिल्या दिवशीचा तुकडा लावला. घराच्या अंगणाचा. तो तिने कितीदा तरी ऐकला होता, त्यात काहीच जास्तीचं नव्हतं.

“फाटक उघडंच होतं,” बाबा म्हणाले. आणि मग, श्वास न घेता, “म्हातारा डाव्या कुशीवर झोपला आहे. त्याची बायको ओट्याशी उभी आहे. पांघरूण त्याच्या पायाशी गोळा झालं होतं, ते आता कुणीतरी गळ्यापर्यंत ओढून दिलं आहे.”

ताईने घरी फोन लावला. आईने उचलायला वेळ लावला, कारण हात पिठाचे होते. बाबा झोपलेत, मी स्वयंपाकघरात आहे, असं ती म्हणाली. घरात दुसरं कोण असणार? ताईने जरा बघून यायला सांगितलं. आईची पावलं आतल्या खोलीकडे जाताना ऐकू आली.

“झोपलेत गं,” आई म्हणाली. “पांघरूण मघाशी पायाशी होतं. आता गळ्यापर्यंत घेतलंय, अगदी कडा दुमडून. हे कधी कडा दुमडत नाहीत.”

ताई घरी धावली. बाबा जागे होते, ठीक होते. तिला बघून ते हसले आणि काहीतरी म्हणाले. ओठ हलले. त्यातून हवासुद्धा आली नाही.

५

दुसऱ्या दिवशी काम उरकून ताई तडक लाँड्रीच्या मागे गेली. सगळं पुसून टाकायचं तिने ठरवलं होतं. दोन वर्षांची मेहनत होती, भाऊ जन्मभर तोंड बघणार नाही, हे सगळं तिने वाटेत घोकून घेतलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. धाकटा यंत्रापाशी हेडफोन लावून बसला होता, मुद्रणाचा लाल दिवा लागला होता. त्याने ओठांवर बोट ठेवलं. चेहऱ्यावर असं समाधान, जसं लहानपणी ताप उतरल्यावर दिसायचं.

“बाबा आत आहेत,” तो कुजबुजला. “शेवटची खोली सांगतायत.”

काचेपलीकडे टेबलाचा दिवा लागलेला होता. खुर्चीत पाठमोरं कुणीतरी होतं. इस्त्रीचा शर्ट, पिकलेले केस, डावा हात कानावर. बाबांना बरं वाटलं तर. आईचा डोळा चुकवून आले. तिला हसूही फुटणार होतं, आणि तेवढ्यात तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. टेबलावर कागद नव्हता.

तिने घरी फोन लावला. आईने या वेळी लगेच उचलला. बाबा कुठे आहेत, असं ताईने विचारलं.

“कुठे असणार? हे काय, समोर बसून वाटाणे सोलतायत.”

ताईने धाकट्याच्या हेडफोनची पिन उपटली. आवाज खोलीभर झाला. बाबांचा आवाज, भरदार, तरुण. गोष्टीतल्या माणसाने बंद दाराला हात लावल्याचं तो सांगत होता, दार आतून कोमट होतं असं सांगत होता. फोनवरून तो आवाज घरापर्यंत गेला असावा, कारण पलीकडे वाटाण्यांचं भांडं पडल्याचं ऐकू आलं.

आवाज वाक्याच्या मधेच थांबला. मग म्हणाला, “पोरी, मी घरी आहे.”

आई फोनवर घाबरून सांगत होती की, यांचे ओठ हलतायत, काहीतरी म्हणतायत, मला कळत नाही.

“दिवा घालव,” आवाज म्हणाला. घाईत होता, कापत होता. “मेन स्विच दारामागे आहे. धाकट्याला बाहेर काढ. आणि खुर्चीतल्याकडे बघू नकोस.”

धाकटा तिच्याकडे, मग स्पीकरकडे बघत होता, ऐन गोष्टीत कुणी विघ्न आणावं तसा.

“बघितलंस तरी चालेल,” आवाज म्हणाला. आता तो कापत नव्हता. “बाबाच आहे मी. जवळ ये.”

“आई,” ताईने विचारलं, “बाबांचे ओठ?”

“मिटलेत,” आई म्हणाली. “आता नुसते रडतायत गं.”

“जवळ ये,” स्पीकरमधून बाबा म्हणाले.

ताई दारामागे पोचली. हात स्विचवर होता, तेव्हा तिने बघितलं. बघायचं नव्हतं, पण डोळे गेले. खुर्चीतलं ते उठून उभं राहत होतं. सावकाश, म्हातारा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून उठतो तसं. ते उभं राहिलं, डोकं छताला टेकलं, आणि तरीही त्याचं उभं राहणं संपेना.

तिने खटका खाली ओढला.

६

लाँड्रीवाले काका विजेरी घेऊन आले तेव्हा दाराबाहेर गल्लीत ताई बसली होती, आणि तिने धाकट्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. तो सुटायची धडपड करत होता आणि लहान मुलासारखा रडत होता. शेवट राहिला, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. काकांनी पेटीत विजेरी मारून पाहिली. खुर्ची होती, टेबल होतं. छताजवळची गोधडी तेवढी खिळ्यांतून सुटून लोंबत होती. जुनीच होती ती, असं काका म्हणाले.

निवेदनाचं सगळं मुद्रण ताईने पुसलं. पैलवान तिच्या शेजारी उभा राहिला, आणि पुसून झाल्यावर त्याने निवेदनाची ती डिस्क ड्रमच्या स्टँडखाली घालून चेचली. बदलीच्या गावाला तो ठरल्यापेक्षा लवकर निघून गेला.

बाबांचा आवाज आला नाही. ताईला कितीतरी दिवस हाच विचार खात राहिला, की आवाज त्या डिस्कमध्येच होता का, आणि आपण तो आपल्याच हाताने पुसला का. एकदा तिने बाबांपुढे हे बोलून दाखवलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली. नाही म्हणाले की हो, तेही तिला नीट कळलं नाही.

अल्बम निवेदनाशिवाय निघाला. दोन गाण्यांच्या मधे नुसती शांतता ठेवली. गाणी अनेकांना आवडली, अनोळखी लोकांनी धाकट्याला फोन करून सांगितलं. तो सगळ्यांचे आभार मानायचा. तो बदलला असं कुणी म्हटलं नसतं. शाळेत संगीत शिकवायला लागला, वेळेवर जेवायचा, आईला बाजारात मदत करायचा. फक्त कुणाशी बोलता बोलता मधेच गप्प व्हायचा आणि मान जराशी कलती करायचा. ताईच्या कामावर रोज अशी माणसं यायची, म्हणून तिला ती कलती मान ओळखू आली. ज्याला एका कानाने अधिक चांगलं ऐकू येतं, तो असा बसतो.

एका रविवारी सकाळी, आई-बाबा बाहेर गेलेले असताना, दोघं स्वयंपाकघरात होती. लख्ख ऊन होतं. धाकटा पाव कापत होता, आणि ताईला वाटलं, आता विचारायला हरकत नाही. त्या दिवशी हेडफोनमध्ये त्याने शेवटच्या खोलीपर्यंत ऐकलं होतं. आत काय होतं रे, असं तिने विचारलं. शेवट काय झाला?

धाकट्याने सुरी थांबवली नाही.

“गोष्ट संपली कुठे, ताई? सांगतोच आहे तो.”

ताईने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली आणि ती दूर गेली.

“आत्ता काय सांगतोय?”

धाकट्याने मान कलती केली. “तू विचारलंस, ते सांगितलं. फडकं ठेवलंस, ते सांगितलं.” मग तो पुढचं ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला, आणि त्याने बहिणीकडे फार मायेने पाहिलं. लहान मुलाला आपण बातमी सांगायचं टाळतो, तेव्हा बघतो तसं.

“पुढे काय, हे विचारू नकोस हं,” तो म्हणाला.

तिने विचारलं नाही. ती बोलायला लागली. पाव शिळा आहे का, पडदे धुवायला हवेत, नळ गळतोय, प्लंबर कधीच वेळेवर येत नाही, जे तोंडाला येईल ते, मोठमोठ्याने, मधे त्या आवाजाला श्वासापुरतीही उसंत न देता. आई-बाबा परत आले तेव्हा तिचा घसा बसला होता, आणि तरी ती बोलतच होती.